मेट्रनची मान

चौबळकाकांच्या अंत्यविधीला कुणीही फुलं आणली नव्हती. आणू नका असं त्यांनी लिहून ठेवलं होतं, असंही नाही. पण जानेवारीत इथल्या प्रत्येक सुपरमार्केटच्या दारात बादलीभर डॅफोडिल ठेवलेले असतात. त्यातला एक जुडगा उचलून आपण गेलो, तर हा माणूस पेटीत उठून बसेल, कोटाच्या खिशातून पट्टी काढून फुलाची तुतारी मोजेल आणि "ही तुतारी नाही, पिपाणी आहे, परत करून या," असं सगळ्यांसमोर म्हणेल, अशी ओळखीच्या प्रत्येकाला धास्ती होती. म्हणून एडिनबराच्या त्या थंडगार हॉलमध्ये आम्ही सगळे रिकाम्या हातांनी बसलो होतो. माझ्या शेजारी एमरिस होता. काकांनी आयुष्याची शेवटची कित्येक वर्षं या वेल्श माणसाशी भांडण्यात घालवली. तो कार्डिफहून गाड्या बदलत माझ्याबरोबर आला होता आणि हुंदके देऊन रडत होता.

डॉ. प्रभाकर चौबळ कार्डिफमध्ये माझे शेजारी होते. त्यांची मागची बाग आणि माझी मागची बाग यांच्यामध्ये कंबरेएवढं लाकडी कुंपण. बाग त्यांची, माझ्याकडे नुसतं गवत. पुण्याच्या कंपनीने मला वर्क व्हिसावर इकडे पाठवलं, त्या पहिल्याच आठवड्यात मी गवतात उभी राहून फोनवर आईशी बोलत होते. फोन ठेवला तसा कुंपणापलीकडून आवाज आला.

"कुठली गं तू?"

"सांगलीची."

"मग बागकाम येत असेल."

"नाही हो काका."

"मग सांगलीत करता काय तुम्ही लोक?"

त्या दिवसापासून मी 'सांगली' झाले. माझं खरं नाव त्यांनी कधी विचारलं नाही, आणि पुढेपुढे मलाही ते सांगावंसं वाटलं नाही.

काका भूल देणारे डॉक्टर. तरुणपणी इकडे आले आणि वेल्समधल्या हॉस्पिटलांत माणसं झोपवण्यात त्यांची नोकरी संपली. आपण ज्याच्याशी बोलतोय तो आता झोपणारच आहे, अशा बेताने ते आयुष्यभर बोलत आले होते. त्यामुळे कुणाचं मन राखायची सवयच त्यांना लागली नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका बाईंनी लांबलचक नाट्यगीत म्हटलं आणि वर काकांनाच विचारलं, "कसं वाटलं डॉक्टर?" काका म्हणाले, "तुम्ही माझ्या वेळी असतात तर मला औषधं लागली नसती." त्याच गणपतीत मोदकाचा घास घेऊन ते बराच वेळ चावत राहिले. मग करणाऱ्या बाईंना म्हणाले, "सारण उत्तम आहे. पण तिथपर्यंत पोचायला करवत लागते." त्यांच्याकडून मिळणारी सर्वांत मोठी शाबासकी म्हणजे 'चालेल'. ती मला आठ वर्षांत दोनदा मिळाली, आणि दोन्ही वेळा खिचडीसाठी.

त्यांची मुलगी मीनल एडिनबराला डॉक्टर आहे. काकू गेल्यापासून ती दर रविवारी फोनवर त्यांना झापायची. तिचं मराठी इथलं, इथेच जन्मलेल्या पोरांचं असतं तसं.

"बाबा, तुम्ही लोकांना असा का बोलते? दे गेट हर्ट."

"खोटं बोललो तर त्यांना बरं वाटेल, पण माझं पोट दुखेल. पोट माझं आहे."

डॅफोडिलचे प्रकार म्हणाल तर मोजता येणार नाहीत इतके. काकांना त्यातले फक्त तुतारीवाले चालत, आणि तेही जुन्या जातींचे. नव्या फुलांना ते प्लास्टिक म्हणत. मधली नळी पाकळीइतकी किंवा तिच्याहून लांब असेल तरच ती तुतारी. हे ठरवायला सहा इंची स्टीलची पट्टी कायम खिशात. ती घेऊन ते लोकांच्या घराबाहेर थांबत, वाकून मोजत आणि घरमालक खिडकीत आला की नकारार्थी मान हलवून पुढे जात. बी पेरून नवीन फूल तयार करायचं तर पहिली कळी दिसायलाच पाच-सहा वर्षं लागतात. "त्यापेक्षा पोर वाढवणं सोपं," काका म्हणत. "पण पोर उलट बोलतं."

या सगळ्या गोतावळ्यात त्यांचा जीव एकाच फुलात अडकलेला होता. त्याचं नाव मेट्रन.

काकांची इथली पहिली नोकरी खाणींच्या भागातल्या एका जुन्या हॉस्पिटलात होती. तिथे मेट्रनच्या, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुख बाईंच्या, खिडकीखाली डॅफोडिलचा एक वाफा होता. फुलं सायीच्या रंगाची, तुतारी लांब, आणि सगळ्यांची मान खाली. ती जात कुठली, नाव काय, कुणालाच माहीत नव्हतं. "त्या बाईसमोर सर्जनसुद्धा खिशातले हात बाहेर काढून उभे राहायचे," काका सांगत. "अख्ख्या हॉस्पिटलात मान वर करायची कुणाची टाप नव्हती. फुलांची कुठून असणार?" त्या बाईने एकदा नाइट ड्यूटीत पेंगणाऱ्या काकांना काही न बोलता चहा आणून दिला होता. तेवढ्यावर काका तिला जन्मभर मानत आले.

पुढे मेट्रन गेली, हॉस्पिटल बंद पडलं आणि तिथे फ्लॅट होणार असं ठरलं. काका तोवर निवृत्त झाले होते. त्यांनी त्या फुलांचे जमिनीतले कांदे न्यायची परवानगी मागितली, तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायला लागला. मग काकांनी पिवळं चमकणारं जॅकेट आणि हेल्मेट विकत घेतलं आणि भर दुपारी ढकलगाडी घेऊन ते फाटकाशी हजर झाले. गार्डने विचारलं, काय काम आहे? काका वैतागून म्हणाले, "मेट्रनला हलवायचंय." गार्डने फाटक उघडलं. परत येताना गाडी चिखलात रुतली, तर त्याने ती ढकलूनही दिली. "पिवळं जॅकेट आणि त्रासलेलं तोंड," काका म्हणायचे, "एवढं असलं की या देशात राजवाडासुद्धा उचलून नेता येतो."

एमरिस हा निवृत्त बस ड्रायव्हर आणि आमच्या भागातल्या डॅफोडिल शोचा सर्वेसर्वा. त्याने मेट्रनला पहिल्यांदा पाहिलं आणि विचारलं, "सुंदर आहे. कंपोस्टच्या खड्ड्यात जागा आहे का?" त्याचं म्हणणं असं की शोमध्ये ठेवलेल्या फुलाने परीक्षकाच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं पाहिजे. मान टाकलेल्या फुलाला तिथे कुणी विचारत नाही. काकांनी तरीही हट्टाने मेट्रनला टेबलावर ठेवलं आणि ती रिकाम्या हातांनी घरी आली. तेव्हा मंडपातच दोघांची जुंपली. राग आला की काका मराठीत बोलत आणि एमरिस वेल्शमध्ये. शब्द कळत नसले तरी दोन्हीकडच्या आयांचा उद्धार झाला, हे कळायला भाषांतराची गरज नव्हती.

तेव्हापासून काकांनी एकच गोष्ट मनावर घेतली. रंग मेट्रनचा, तुतारी मेट्रनची, आणि मान ताठ, असं फूल आपल्या हाताने तयार करायचं. या नादात कितीतरी वसंत गेले. एक फूल आलं ते थेट हळदीसारखं पिवळं. एकाची मान ताठ, पण तोंड वाकडं. "मंडळाचा अध्यक्ष होईल," म्हणून काकांनी ते उपटलं. एक खरोखरच आशेचं होतं, ते गोगलगाईंनी खाल्लं. मग काका मंडळाच्या प्रत्येक पार्टीतून उरलेली बिअर घरी न्यायला लागले. ती बशीत ओतून वाफ्यात ठेवली की गोगलगाई येऊन बुडून मरतात. ही बिअर कशासाठी हे माहीत नसलेल्या लोकांनी मीनलला काळजीने फोन केले होते.

एमरिसकडे एक जुन्या जातीचं पांढरं तुतारी फूल होतं. त्याची मान इतकी ताठ की दर वर्षी बक्षीस त्यालाच. त्याचे परागकण मिळाले की काम होणार होतं, पण एमरिस एक कण द्यायला तयार नाही. शोच्या मंडपात 'हात लावू नये' अशी पाटी. काकांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले, वास घेतल्यासारखे खाली वाकले आणि सगळी मिशी त्या फुलात घालून घुसळली. तसेच गाडीत बसले. वाटेत शिंक आली तर ती म्हणे नाक दाबून गिळली. मेट्रनच्या फुलातले तिचे स्वतःचे पुंकेसर सकाळीच चिमट्याने काढून ठेवलेले होते. मी कपडे वाळत घालायला बाहेर आले तर सत्तरी ओलांडलेला हा माणूस चिखलात गुडघे टेकून एका फुलाला मिशा घासतोय. मी काही न बघितल्यासारखं करून आत गेले.

खूप नंतर एमरिसने मला सांगितलं की त्याने सगळं पाहिलं होतं. "मिशी लावू नये, असं पाटीवर कुठे होतं?" असं तो म्हणाला.

त्या उद्योगातून मूठभर बिया आल्या आणि त्यातलं एकच रोप जगलं. त्या कुंडीला काकांनी लेबल लावलं, 'मिशी'. पहिली काही वर्षं तर गवताच्या काडीपलीकडे काही दिसत नव्हतं. तोवर काका थकले. फाटकापासून शेडपर्यंत जाताना त्यांना दोनदा थांबावं लागायला लागलं. हृदयाची झडप आवळत चालली होती आणि ऑपरेशन करायलाच हवं होतं. हॉस्पिटलने तारीख दिली, काकांनी नाही म्हणून सांगितलं. दुसरी दिली, तिलाही नाही म्हणाले. कारण सहाव्या वर्षी, मार्चमध्ये, मिशीला कळी आली होती.

"फूल बघितल्याशिवाय मी टेबलावर आडवा होणार नाही," काका म्हणाले. "टेबलाच्या डोक्याशी बसून माणसं काय करतात ते मला ठाऊक आहे. मी शब्दकोडी सोडवायचो."

चेष्टेत बोलत होते, पण त्यांना भीती वाटत होती. भूल देणाऱ्या माणसाला भूल घेण्याची भीती. मीनलने मला फोन केला. "तू सांग ना त्यांना. वाल्व्ह खूप टाइट झाला आहे. हा स्प्रिंग गेली तर नेक्स्ट मिळेल का, आय डोंट नो." तिचा आवाज फुटला. मी त्यांना काय सांगणार? मी फक्त रोज सकाळी कुंपणावरून कळी बघायला लागले.

त्याच महिन्यात आई सांगलीहून माझ्याकडे राहायला आली. तिला इथलं सगळं आवडलं, फक्त देवाला फुलं विकत आणायची हे काही पटेना. आमच्या कॉलनीत पहाटे सगळे निवृत्त लोक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन फिरायला निघतात आणि कुंपणावरून हात पोचेल ते फूल देवाचं, असा अलिखित नियम आहे. कुणी पकडलंच तर 'देवासाठी' म्हणायचं, मग मालक स्वतः फांदी वाकवून धरतो. म्हणून मी तिला पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं, "काकांच्या पिवळ्या फुलांना हात लावायचा नाही."

तिने लावला नाही. पण तो सोमवार होता, आणि सोमवारी शंकराला पांढरं फूल लागतं.

आदल्या संध्याकाळी कळी अर्धी उघडली होती. रंग सायीचा होता हे दिसत होतं. मान मात्र फूल पूर्ण उमलल्याशिवाय कळत नाही, कारण त्याआधी प्रत्येक कळी थोडी वाकतेच. "उद्या कळेल," असं म्हणून काका झोपायला गेले. ऊन चांगलं मिळावं म्हणून कुंडी अगदी कुंपणाला चिकटून ठेवलेली.

सकाळी मी बाहेर आले तर काका कुंडीपाशी उभे होते. ओरडत होते असं नाही. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. कुंडीत नुसता हिरवा दांडा उभा होता. मी मागे वळून स्वयंपाकघरातल्या देवांकडे बघितलं. महादेवाच्या पिंडीवर, तुतारी वर करून, मेट्रनची लेक बसली होती. देवाला फूल वाहताना देठ कोण ठेवतं? आईने ते थेट तुतारीच्या मागून नखाने खुडलेलं होतं; मान कशी होती हे कळायला काही उरलंच नव्हतं.

मला काय करावं कळेना. मी आईला हाक मारली. काका गमबूट घालूनच आत आले आणि देवांसमोर वाकले. देव न मानणारा माणूस. त्यांनी पट्टी काढली, फुलाला न हलवता तुतारी मोजली.

"रंग तिचा," ते म्हणाले. "तुतारी तिची."

मग ते आईकडे वळले. एव्हाना मी तिला दोन वाक्यांत सगळं सांगितलं होतं आणि ती पदराने डोळे पुसत होती.

"डॉक्टर, चुकलं हो माझं. मला वाटलं उद्या दुसरं येईल."

"पुढच्या वर्षी येईल," काका म्हणाले. "वहिनी, रडू नका. एकच सांगा. तुम्ही तोडलंत तेव्हा ते फूल कुठे बघत होतं? मान कशी होती त्याची? तुमच्याशिवाय कुणी बघितलेलं नाही."

आईने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"समोर," ती म्हणाली.

"समोर म्हणजे?"

"समोर म्हणजे समोर. माझ्या तोंडाकडे. ताठ मान होती. म्हणून तर नजरेत भरलं माझ्या."

काकांनी पट्टी खिशात ठेवली.

"चालेल," ते म्हणाले. मी फूल काढून त्यांना द्यायला गेले तर म्हणाले, "राहू दे. त्याचं झालं ते आता." मग माझ्याच फोनवरून त्यांनी मीनलला फोन लावला आणि म्हणाले, "तारीख घे."

दुपारी मेथी निवडताना मी आईला विचारलं, "खरंच ताठ होती गं?"

"मला काय माहीत? उजाडलं तरी होतं का? चष्मा देवापाशी राहिलेला. चाचपून तोडलं मी."

"मग तसं का सांगितलंस?"

"तो माणूस माझ्या तोंडाकडे कसा बघत होता, पाहिलंस ना?" असं म्हणून ती पुन्हा मेथीकडे वळली.

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर काकांचं पहिलं वाक्य होतं, "नळी घालताना त्या पोराने माझा दात हलवलाय." पण पहिली ताकद काही परत आली नाही. मीनलने त्यांना एडिनबराला न्यायचं ठरवलं. काकांनी घासाघीस करून वसंतापर्यंत मुदत मिळवली. मिशीला त्यांनी कुंडीतून काढून बागेच्या मधोमध, कुंपणापासून चांगलं लांब लावलं, आणि लावताना माझ्या घराकडे एकदा बघून घेतलं. आई तोवर सांगलीला परतली होती. दर फोनला तिचा पहिला प्रश्न, "डॉक्टरांच्या फुलाचं काय?"

पुढच्या एप्रिलमध्ये, निघायच्या दिवशी, मीनलची गाडी दारात उभी होती आणि ती खोकी भरत होती. त्याच सकाळी फूल पूर्ण उमललं. मी काकांचा दंड धरला आणि आम्ही गवतातून हळूहळू तिथपर्यंत गेलो.

सायीचा रंग, लांब तुतारी. आणि मान खाली. अगदी मेट्रनसारखी, किंबहुना तिच्याहून जास्तच. जमिनीवर पडलेलं काहीतरी शोधत असल्यासारखं ते फूल उभं होतं.

 "काका," मी म्हटलं.

काकांनी काठी माझ्या हातात दिली. आधी गुडघ्यांवर बसले, मग कोपर टेकलं आणि प्रवासासाठी घातलेल्या चांगल्या कोटासकट ओल्या गवतात सरळ उताणे झाले. सरकत सरकत त्यांनी आपलं डोकं फुलाखाली नेलं. आता ते फूल थेट त्यांच्या डोळ्यांत बघत होतं.

"सांगली, आईला फोन लाव. व्हिडिओ नको."

मी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि त्यांच्या छातीवर ठेवला.

"हं, डॉक्टर! उमललं का?"

"उमललं, वहिनी."

"आणि मान?"

आयुष्यात कुणाच्या मोदकालाही खोटं चांगलं न म्हटलेला तो माणूस वर बघत होता.

"समोर बघतंय," काका म्हणाले. "ताठ आहे. तुम्ही म्हणालात तश्शी."

"बघा! मी सांगितलं होतं की नाही?" आईला इतका आनंद झाला की पुढे पाच मिनिटं ती सांगलीच्या उन्हाबद्दल बोलत राहिली, आणि काका "हो का", "अरे वा" म्हणत राहिले. 'अरे वा' मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

फोन संपला. मागच्या दारातून मीनलची हाक आली, "बाबा, लेट होते आहे! खाली काय करते तुम्ही?"

मी त्यांना उठवायला हात पुढे केला. त्यांच्या मिशीवर पिवळे कण सांडले होते.

"थांब," काका म्हणाले. "परीक्षण चाललंय."

पट्टी त्यांनी खिशातून काढलीच नाही.